धुरावरून इंजिनाची परीक्षा

पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हें आपल्या न्यायशास्त्रांतील फार जुनें उदाहरण आहे. अनुमान म्हणजे काय हें वर्गांत शिकवितांना आम्ही अद्यापि तेंच उदाहरण देतों, कारण त्याहून सोपें दुसरें सांपडत नाहीं. मोटारीच्या युगांत मात्र या उदाहरणास एक पाऊल पुढें नेण्याची सोय झाली आहे. आतां धुरावरून अग्नि आहे एवढेंच कळतें असें नव्हे. तो नीट जळतो कीं नाहीं, त्याला हवा पुरेशी मिळते कीं नाहीं, आणि ज्या भांड्यांत तो कोंडला आहे तें भांडें फुटकें आहे काय, हेंहि धुरावरून सांगतां येतें. पेट्रोल पंपाच्या शेजारीं किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लहानशा व्हॅनवर 'पी. यू. सी.' हीं अक्षरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. तेथें गाडीच्या सायलेन्सरांत नळी घालून जी परीक्षा घेतात, ती याच अनुमानाची परीक्षा होय. या परीक्षेंत गाडी नापास कां होते, आणि नापास झाली असतां तिच्या इंजिनांत कोणता बिघाड आहे असें समजावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

शाळेच्या वार्षिकांत असा विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर सोपें आहे. आज आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांच्या घरीं दुचाकी नसेल. त्या दुचाकीचें प्रमाणपत्र काढून आणण्याचें काम पुष्कळदां घरांतील थोरल्या भावाकडे किंवा काकांकडे असतें, आणि बहुतेकांच्या मनांत तो कागद म्हणजे पोलिसांचा दंड चुकविण्याचें साधन एवढाच त्याचा अर्थ असतो. आमचें म्हणणें असें कीं, तो कागद म्हणजे इंजिनाच्या प्रकृतीची नोंद आहे. ती नोंद खरी असली तर मालकाचा पैसा वांचतो व शेजाऱ्यांचा श्वास वांचतो; खोटी असली तर दोहोंचेंहि नुकसान होतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ चा मोटार वाहन कायदा व त्याखालीं झालेले १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम यांत या परीक्षेचें मूळ आहे. त्यांपैकीं ११५ व्या नियमाप्रमाणें पहिल्या नोंदणीस एक वर्ष झालें कीं प्रत्येक मोटारवाहनाजवळ प्रदूषण नियंत्रणांत असल्याचें प्रमाणपत्र असलें पाहिजे. भारत स्टेज ४ व भारत स्टेज ६ या वर्गांतील गाड्यांस हें प्रमाणपत्र १ वर्ष चालतें. त्याहून जुन्या गाड्यांस दर ६ महिन्यांनीं परीक्षा द्यावी लागते. स्टेज ४ ही पायरी १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशभर लागू झाली, आणि पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी आली. विद्युत्शक्तीवर चालणाऱ्या गाडीस सायलेन्सरच नसल्यामुळें ही परीक्षा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १० ऑगस्ट २०१७ रोजीं असा आदेश दिला होता कीं, चालू प्रमाणपत्र नसलेल्या गाडीचा विमा कंपन्यांनीं करूं नये; पुढें २०२४ मध्यें ही अट काढण्यांत आली. २०१९ च्या दुरुस्तीनें शिक्षाहि कडक झाली. या नियमांचा भंग केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय चालकाचा परवाना ३ महिने रद्द राहूं शकतो. येथवर कायद्याची गोष्ट झाली. आतां विस्तवाकडे वळूं.

आपल्या वऱ्हाडांत चुलीचें जळण म्हणजे पऱ्हाट्या. वाळलेल्या पऱ्हाट्या बेताबेतानें सारल्या, खालची राख काढून टाकली आणि वारा खेळता ठेवला, म्हणजे जाळ स्वच्छ उठतो व धूर थोडा होतो. त्याच पऱ्हाट्या ओल्या असल्या, किंवा चुलींत एकदम कोंबल्या, तर भाकरी करपते आणि घर धुरानें भरतें. जळण तेंच, चूल तीच. फरक पडला तो हवेच्या प्रमाणांत व जळणाच्या स्थितींत. मोटारसायकलचें इंजिन ही अशीच एक पोलादी चूल आहे. ती मिनिटांत शेंकडों वेळां पेटते व शेंकडों वेळां विझते, एवढाच काय तो विशेष. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास १४०० फेरे घेत असलें, तर चार-स्ट्रोक जातीच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस एकदां, म्हणजे मिनिटांत ७०० वेळां ठिणगी पडून इंधन जळत असतें.

पेट्रोल हें कर्ब व हायड्रोजन यांच्या संयोगाचें बनलेलें आहे. १ किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. इतकी हवा मिळाली व ठिणगी वेळेवर पडली, तर कर्बाचा कार्बन डायॉक्साइड व हायड्रोजनचें पाणी होतें. १ लिटर पेट्रोल जळलें असतां सुमारें १ लिटर पाणी तयार होतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. हिवाळ्यांत सकाळीं सायलेन्सराच्या तोंडाशीं जे थेंब व पांढरी वाफ दिसते ती याच पाण्याची, आणि ती निरुपद्रवी आहे. परंतु हवा कमी पडली तर कर्बाला प्राणवायु अर्धाच मिळतो व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो. ठिणगीच चुकली, तर पेट्रोल मुळींच न जळतां जसेंच्या तसें बाहेर पडतें; त्यास हायड्रोकार्बन म्हणतात. हे दोन शब्द विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावे. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेलें इंधन, आणि हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलें इंधन. पी. यू. सी. च्या कागदावर जे दोन आंकडे छापून येतात ते या दोहोंचेच होत, आणि सर्व निदान या भेदावर उभें आहे.

परीक्षेची रीति अशी. पेट्रोलची गाडी गरम करून, गिअर न घालतां, संथ चालू ठेवतात आणि सायलेन्सरांत नळी घालून आंतला वायु यंत्रांत ओढून घेतात. यंत्रामध्यें त्या वायूंतून अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक वायु ठराविक जातीचेच किरण शोषून घेतो. म्हणून कोणते किरण किती शोषले गेले यावरून कोणता वायु किती आहे हें कळतें. कार्बन मोनॉक्साइड शेंकडा प्रमाणांत मोजतात, आणि हायड्रोकार्बन दहा लाख भागांत किती भाग या हिशेबानें. ३१ मार्च २००० नंतर तयार झालेल्या, परंतु स्टेज ४ च्या पूर्वींच्या दुचाकींस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. हायड्रोकार्बनची मर्यादा चार-स्ट्रोक इंजिनास ४५०० भाग व दोन-स्ट्रोक इंजिनास ६००० भाग अशी आहे. स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीस हेच आंकडे अवघे ०.३ टक्के व २०० भाग इतके उतरतात. त्या मोटारीचें इंजिन मिनिटास सुमारें २५०० फेऱ्यांवर नेऊनहि एकदां तपासतात. या यंत्रांच्या नमुन्यांस मान्यता देण्याचें काम ज्या संस्था करितात, त्यांत १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही प्रमुख होय.

आतां आंकड्यांवरून रोग कसा ओळखावा तें क्रमानें सांगतों.

कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा वाढला, तर इंजिनास इंधन फार व हवा थोडी मिळत आहे असें समजावें. याचें सर्वांत साधें कारण एअर फिल्टर तुंबणें हें आहे. आमच्या भागांतील शेतरस्त्यांवर चैत्र-वैशाखांत जी धूळ उडते, ती सर्व या जाळींतून गाळली जाते. ती जाळी वेळेवर झटकली किंवा बदलली नाहीं, तर इंजिनाची स्थिति नाक दाबलेल्या माणसासारखी होते. दुसरें कारण चोक. थंडींत गाडी सुरू करतांना ओढलेला चोक तसाच राहिला, किंवा त्याची तार अडकली, तर हवेची वाट बंदच राहते. तिसरें कारण कार्ब्युरेटरमधील झिजलेली सुई किंवा बिघडलेला फ्लोट. त्यामुळें पेट्रोलची पातळी वर चढते व जेटमधून गरजेपेक्षां अधिक पेट्रोल ओढलें जातें. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटराच्या जागीं इंजेक्टर आला आहे. तेथें धुरांतील प्राणवायु मोजणारा एक सेन्सर असतो व त्याच्या सांगण्याप्रमाणें इंधन कमी-अधिक होतें. हा सेन्सर खोटें सांगूं लागला कीं सर्वच हिशेब चुकतो. अशा वेळीं मीटरच्या तक्त्यावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा बहुधा लागतो. पुष्कळ लोक त्याकडे दुर्लक्ष करितात. परंतु तो दिवा लागलेला असतांना परीक्षेस जाणें म्हणजे पुस्तक न उघडतां परीक्षेस बसण्यासारखेंच आहे.

हायड्रोकार्बनचा आंकडा एकटाच वाढला असेल, तर दोष बहुधा ठिणगींत असतो. प्लगवर काजळी धरलेली असते, त्याच्या टोंकांमधील अंतर झिजून वाढलेलें असतें, किंवा प्लगची वायर सैल असते. मग मधून मधून एखादी ठिणगी पडत नाहीं. तेवढ्या वेळचें पेट्रोल कच्चेंच बाहेर जातें व गाडी अडखळत चालते. मिस्त्री लोक यालाच 'गाडी मिसिंग करते' असें म्हणतात. टॅपेट फार ताणलेले असल्यामुळें व्हॉल्व्ह पुरता मिटत नसला, तरीहि तोच परिणाम होतो. याच्या उलट, कार्बन मोनॉक्साइड फार कमी आणि हायड्रोकार्बन मात्र जास्त असा विलक्षण मेळ कधीं कधीं दिसतो. त्याचा अर्थ हवाच फार शिरत आहे असा होतो. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबराची नळी चिरली म्हणजे बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रण इतकें पातळ होतें कीं तें ठिणगीनेंहि पेटत नाहीं, आणि इंधन न जळतां निसटतें. म्हणून एकच आंकडा पाहून निदान करूं नये. दोन्ही शेजारीं ठेवून वाचावे.

येथें दोन-स्ट्रोक इंजिनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९७२ सालीं आलेली पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर आणि त्याच वर्षीं आलेली कायनेटिक कंपनीची लुना या दोन गाड्यांनीं महाराष्ट्रांतील मध्यमवर्गास प्रथम वाहन दिलें. त्या जुन्या गाड्यांची इंजिनें दोन-स्ट्रोक होतीं. अशा इंजिनांत जळलेला वायु बाहेर ढकलण्याचें काम नवें मिश्रणच करितें, आणि तसें करितांना त्याचा कांहीं अंश स्वतःच बाहेर पडतो. शिवाय त्यांत पेट्रोलाबरोबर ऑईलहि जळावें लागतें. म्हणजे अशी गाडी निरोगी असूनहि धूर सोडते. तो तिच्या जातीचा दोष आहे, आजाराचा नव्हे. कायद्यानें तिला अधिक सवलत दिली ती याच कारणानें. पुढें नियम कडक होत गेले तसतशी हीं इंजिनें मागें पडलीं. आणि लुना हें नांव २०२४ मध्यें पुन्हां रस्त्यावर आलें तें बॅटरीच्या गाडीवर.

डोळ्यांस दिसणाऱ्या धुराचेहि रंग ओळखावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरास ओरखडे पडले, किंवा व्हॉल्व्हचें सील कडक झालें, म्हणजे ऑईल जाळाच्या खोलींत शिरतें. गाडी 'ऑईल खाते' म्हणतात ती हीच. दाट पांढरा व गोडसर वासाचा धूर, आणि त्याबरोबर रेडिएटरांतील पाणी कमी होणें, हें हेड गॅस्केट फुटल्याचें चिन्ह आहे. थंडींतली वाफ थोड्या वेळानें नाहींशी होते, हा धूर होत नाहीं. काळा धूर म्हणजे इंधन फार झालें व त्याची काजळी उरली.

हा काळा धूर विशेषेंकरून डिझेल गाड्यांचा. आंबिया व मृग बहाराच्या दिवसांत वरूडहून संत्र्यांनीं भरलेले ट्रक निघतात, त्यांपैकीं एखादा चढावर कसा काळा लोट सोडतो हें आपण पाहतों. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते; हवा इतकी दाबतात कीं तिच्या उष्णतेनेंच डिझेल पेटतें. तें पेटावयाचें तर त्याचा फवारा अगदीं बारीक उडाला पाहिजे. नोझल झिजली म्हणजे फवाऱ्याऐवजीं थेंब पडतात, आणि थेंबाचा बाहेरचा भाग जळून आंतला कर्ब काजळी होऊन राहतो. पंपानें डिझेल जास्त सोडलें, एअर फिल्टर तुंबला, टर्बोची नळी फुटली, किंवा प्रमाणाबाहेर माल भरला, तरीहि तेंच होतें. डिझेलची परीक्षा म्हणूनच निराळी आहे. गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात व बाहेर पडणाऱ्या धुरांतून प्रकाशाचा किरण सोडतात. किती प्रकाश अडला तें शंभरापैकीं मोजतात. जुन्या गाडीस ६५ पर्यंत सूट आहे, स्टेज ४ च्या गाडीस ५० पर्यंत, आणि स्टेज ६ च्या गाडीस याहूनहि पुष्कळच कमी.

नव्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सराच्या वाटेंत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें एक भांडें असतें. मधाच्या पोळ्याप्रमाणें बारीक घरें असलेल्या त्याच्या अंगावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा पातळ लेप असतो. तेथें अर्धवट जळलेले वायु पूर्ण जळतात. पेट्रोलांत शिसें असलें तर हा लेप निकामी होतो. म्हणून १९९५ मध्यें चार महानगरांत हें भांडें व शिसेंविरहित पेट्रोल हीं दोन्ही बरोबरच आलीं, आणि २००० सालीं सर्व देशांतून शिसेंयुक्त पेट्रोल गेलें. आतां या भांड्याला भय आहे तें घरच्याच रोगाचें. प्लग खराब होऊन कच्चें पेट्रोल कन्व्हर्टरांत जाऊं लागलें, कीं तें तेथें जळतें व आंतलीं घरें वितळूं लागतात. जळकें ऑईल गेलें तर लेपावर राख बसते. म्हणजे शे-दोनशे रुपयांचा प्लग वेळेवर न बदलल्यामुळें हजारों रुपयांचें भांडें जातें. लहान दोष वेळींच कळावा, हाच या परीक्षेचा मालकास होणारा मोठा फायदा होय.

ही परीक्षा सर्वज्ञ नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. गाडी भार ओढत असतांना ती होत नाहीं. उभ्या गाडीची होते. नत्रवायूचीं ऑक्साइडें तींत मोजलीं जात नाहींत. सायलेन्सरास भोंक असलें तर बाहेरची हवा मिसळून आंकडे खोटेच कमी येतात. म्हणून आधीं सायलेन्सर पाहावा. उलट इंजिन थंड असलें तर चांगली गाडीहि नापास होते, कारण थंड इंजिनास इंधन जास्त द्यावें लागतें व थंड कन्व्हर्टर काम करीत नाहीं. तेव्हां परीक्षेपूर्वीं गाडी दहा-पंधरा मिनिटें चालवून न्यावी. ही युक्ति नव्हे, शास्त्राला धरूनच आहे.

युक्ति ती निराळी. कार्ब्युरेटरचा स्क्रू परीक्षेपुरता फिरवून मिश्रण पातळ करावयाचें, कागद हातीं आला कीं तो पुन्हां होता तसा करावयाचा, असें करणारे लोक आहेत. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गाडी घरीं ठेवून नुसता तिचा नंबर सांगून कागद आणणें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं लागोपाठ कांहीं वर्षें असेच कागद आणिले. त्यांच्या गाडीचा धूर निळा होता. पण कागदावरचे आंकडे अगदीं आदर्श होते. शेवटीं एके दिवशीं ऑईल संपून पिस्टन जाम झाला, आणि सिलिंडर बोअर करून सर्व इंजिन काम करावें लागलें. पहिल्याच वर्षीं खरे आंकडे हातीं आले असते, तर थोड्या खर्चांत काम भागलें असतें. दुसऱ्याचा पेपर पाहून मिळविलेले गुण पुढील इयत्तेंत उपयोगीं पडत नाहींत, हें आम्ही मुलांस नेहमीं सांगतों. इंजिनाच्या बाबतींत तेंच वडीलमाणसांस सांगण्याची पाळी येते, एवढाच फरक.

नुकसान मालकाच्या खिशापुरतेंच असतें तर हा त्याचा खासगी प्रश्न झाला असता. परंतु धूर सोडणारा पुढें निघून जातो व घेणारा मागें राहतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आवडीनें चिकटतो. त्यामुळें रक्त वाहतें, पण प्राणवायु नेत नाहीं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. म्हणून बंद खोलींत किंवा दार लावलेल्या शेडमध्यें इंजिन कधींहि चालू ठेवूं नये. त्यानें माणूस झोपेंतच दगावतो. डिझेलची काजळी इतकी सूक्ष्म असते कीं ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. शाळेच्या ऑटोरिक्षांत बसलेलीं मुलें ट्रकच्या सायलेन्सराच्या जवळ जवळ उंचीवरच श्वास घेत असतात, हें पालकांनीं एकवार मनांत आणावें.

वरूडकरांस या प्रश्नाचें आणखी एक निराळें कारण आहे. आपल्या संत्र्यांच्या बागांमुळें या भागास कौतुकानें 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. त्या मूळच्या कॅलिफोर्नियांत लॉस एंजलिस शहराभोंवतीं पूर्वीं मैलच्या मैल संत्र्यांच्या बागा होत्या. १९४३ च्या जुलै महिन्यांत त्या शहरावर डोळे झोंबविणारें असें दाट धुकें पसरलें कीं लोकांस शत्रूनें विषारी वायु सोडल्याचा संशय आला. पुढें अशा धुक्याचे दिवस वाढत गेले आणि आसपासच्या शेतांतील भाजीपाल्याचीं पानें करपूं लागलीं. त्याचें कारण शोधून काढलें तें हॉलंडमध्यें जन्मलेल्या आरी हागेन-श्मिट या वनस्पतिरसायनाच्या प्राध्यापकानें. मोटारींच्या धुरांतील हायड्रोकार्बन व नत्रवायूचीं ऑक्साइडें यांवर कडक ऊन पडलें म्हणजे ओझोन तयार होतो आणि तोच पानें व फुप्फुसें जाळतो, असें त्यानें १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध केलें. बागा मुख्यतः घरांसाठीं तोडल्या गेल्या, हें खरें. पण ज्या उरल्या त्यांसहि या ओझोननें पीडिलें. १९६६ सालीं त्या संस्थानानें मोटारींच्या धुरावर मर्यादा घातल्या. जगभर आज सायलेन्सरांत नळी घालून जी परीक्षा होते, तिच्या इतिहासाचा एक मोठा धागा असा संत्र्यांच्या मुलुखांतून आलेला आहे. वरूडच्या वाटेवर लॉस एंजलिसइतक्या गाड्या नाहींत. परंतु ऊन मात्र तेथल्याहून कमी नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या मुलुखांत न जळलेलें पेट्रोल हवेंत सोडणें शहाणपणाचें नव्हे.

जून २०२१ मध्यें केंद्र सरकारनें सर्व देशासाठीं या प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरविला. त्याच वेळीं एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे नामंजुरीची चिठ्ठी. गाडीचे आंकडे मर्यादेबाहेर गेले, तर मालकाच्या हातीं तशी चिठ्ठी देण्याची व्यवस्था झाली. ही चिठ्ठी घेऊन मालकानें मिस्त्रीकडे जावें, दुरुस्ती करून घ्यावी, व पुन्हां परीक्षा द्यावी, असा तिचा उद्देश आहे. पुष्कळांस ती अपमानाची वाटते. वास्तविक पाहतां गाडीच्या दप्तरांत जपून ठेवण्याजोगा असा तोच कागद आहे, कारण त्यावर दोषाचें निदान छापलेलें असतें. मिस्त्रीस 'गाडी पास करून दे' असें सांगूं नये. 'कार्बन मोनॉक्साइड इतका आला, हायड्रोकार्बन इतका. एअर फिल्टर, प्लग, टॅपेट क्रमानें पाहा' असें सांगावें. स्वस्त गोष्टी प्रथम, महाग गोष्टी शेवटीं, हा क्रम सोडूं नये.

विद्यार्थ्यांनीं एक काम करावें. घरच्या गाडीचीं मागील दोन-तीन प्रमाणपत्रें मागून घ्यावीं व त्यांवरील दोन्ही आंकडे वर्षवार वहींत उतरावे. गाडी अजून पास होत आहे, पण आंकडा दर वेळीं थोडा थोडा वर सरकत आहे असें दिसलें, तर तें वडिलांच्या नजरेस आणावें. मर्यादा ओलांडण्यापूर्वींच रोग ओळखणें हें खरें निदान. आणि प्रत्येक वर्षीं तंतोतंत तेच आंकडे दिसले, तर त्याविषयीं घरांत एक प्रश्न नम्रपणें विचारावा: गाडी खरोखर त्या व्हॅनपर्यंत गेली होती काय?